वाडवडिलांचे गाव

वाडवडिलांनी जे गाव सोडले, त्याच्याशी नातवंडांचे काही देणेघेणे उरते काय? कोणी म्हणतात, जेथे आपले घर नाही, शेत नाही, तेथे जाऊन काय करावे? कोणी ह्याहून कडू बोलतात: ज्या गावाने आमच्या आज्यांस विहिरीला शिवू दिले नाही, त्यास आम्ही आपले का म्हणावे? हा दुसरा प्रश्न सहज टाकून देण्याजोगा नाही.

आम्ही नुकतेच किनवटास जाऊन आलो. आमचे आजे तेथले. पैनगंगेच्या काठचा व सागाच्या रानांचा हा तालुका त्यांच्या काळी निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९४८ साली ते राज्य लयास गेले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन तालुका नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. घरे जागची हलली नाहीत, जिल्हा व राज्य मात्र बदलले. ह्यावरून दिसते की, आपलेपणाचे मूळ सरकारी दप्तरात नाही.

मग ते कोठे आहे? आज्यांचे घर कोठे होते, हे सांगणारे आम्हांस कोणी भेटले नाही. ते सागाचे ओंडके गाडीवर भरीत असत, एवढे मात्र एका वृद्धेने आपल्या सासूकडून ऐकलेले सांगितले. घर गेले, श्रम आठवणीत राहिले. ज्यांनी घाम गाळला, त्यांचा त्या मातीत वाटा आहे. तो कोणाच्या कृपेने मिळाला नाही, म्हणून कोणाच्या तिरस्काराने बुडतही नाही.

तर मग अपमान विसरावा काय? मुळीच नाही. १९२७ च्या मार्चात डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते तहान भागविण्यास नव्हे, तर तळे सर्वांचे आहे हे दाखविण्यास. अपमानास उत्तर म्हणून त्यांनी तळ्याकडे पाठ फिरविली नाही; त्यावर हक्क सांगितला. पुढे १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द ठरविली.

परंतु हक्काबरोबर कर्तव्यही येते. नहेम्याने यरुशलेमेच्या पडलेल्या कोटासाठी शोक केला, पण तो शोक करीत बसला नाही. तेथे जाऊन त्याने पडझड पाहिली व बांधकामास हात घातला. वाडवडिलांच्या गावी जाणाऱ्याने हेच करावे. त्यांस जे पाणी नाकारले गेले, ते आज दुसऱ्या कोणास नाकारले जात नाही ना, हे पाहावे. आणि बंधुजनहो, त्यासाठी दूर जावयास नको. रानातून मोळी घेऊन आलेली कोलाम बाई आपल्या दारी पाणी मागते, तेव्हा आपण तिला ओट्यावर बसवितो, की पायरीखाली उभी ठेवितो?