बांधापलीकडील वेल

जालना जिल्ह्यातील बदनापूर, अंबड व घनसावंगी या तालुक्यांत मोसंबीच्या बागा पुष्कळ आहेत. येथील मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. २०१२-१३ च्या दुष्काळात कित्येक बागा वाळून गेल्या. त्या वेळी पाणी विकत घेऊन ज्यांनी झाडे जगविली, त्यांस एकेका फळाचे मोल सांगावयास नको. अशा बागेत आंबे बहाराची फळे पक्व होऊ लागली, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीस रात्री एक पतंग येतो. तो आपली बळकट सोंड फळात खुपसून रस शोषितो. त्या छिद्रातून बुरशी आत शिरते, आणि थोड्याच दिवसांत फळ सडून गळते.

नवल हे की, हा पतंग मोसंबीच्या झाडावर वाढत नाही. त्याची अळी गुळवेल, वासनवेल अशा रानवेलींची पाने खाऊन मोठी होते. या वेली कुंपणात, ओढ्याकाठी व बांधावर असतात. आणि तो बांध पुष्कळदा शेजाऱ्याचा असतो. म्हणून आम्ही वाचकांस विचारतो : ज्याने कोणाच्या फळास हात लाविला नाही, केवळ आपला बांध होता तसा राहू दिला, तो शेजाऱ्याच्या हानीविषयी दोषी आहे काय?

आमचे मत असे की, जोवर त्यास ही गोष्ट ठाऊक नव्हती, तोवर त्याजवर दोष येत नाही. परंतु ती कळल्यावर "बांध माझा आहे" एवढेच उत्तर पुरे होत नाही. जमिनीची हद्द मोजणीने ठरते. कर्तव्याची हद्द आपल्या वागण्याचा परिणाम जेथवर पोहोचतो तेथवर असते.

तथापि बागवानानेही आधी आपल्या झाडांखाली पाहावे. गळलेली फळे तेथेच कुजत पडली, तर त्यांच्या वासाने पतंग अधिक येतात, व फळमाशीच्या अळ्या त्याच फळांतून निघून मातीत कोष करितात. ती फळे रोज वेचून खोल पुरण्याचा ज्यास कंटाळा, त्याने दुसऱ्याच्या बांधाकडे बोट दाखवावे हे शोभत नाही. शिवाय गुळवेल औषधी आहे. गरिबाच्या घरी ती तापावर उपयोगी पडते म्हणून राखलेली असते. ती उपटून टाक असा हुकूम करणे हाही अन्यायच होय.

मग करावे काय? ज्याचा लाभ त्याने श्रम करावे. बागवानाने स्वतः खुरपे घेऊन जावे, शेजाऱ्याची परवानगी मागावी, आणि नको असलेल्या वेली आपल्या हाताने काढाव्या. औषधापुरती वेल ठेवून तिच्यावरील अळ्या वेचाव्या. शेजाऱ्याने परवानगी आनंदाने द्यावी. पतंग दुरूनही उडत येतो. यास्तव एकाच बांधाची सफाई फारशी उपयोगी पडत नाही, सर्व गावाने मिळून केली तरच पडते. सायंकाळी बागेत धूर करणे चांगले खरे, परंतु त्याआधी दिवसा शेजाऱ्याच्या दारी जाऊन बोलणे अधिक चांगले.