जीर्ण वस्त्राचं पुढे काय होतं?



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक २२. सोबत भागवताच्या दशम स्कंधातले अध्याय ८० आणि ८१.

गीतेतला हा श्लोक आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत असताना पाठ केलेला असतो. माणूस जुने झालेले कपडे टाकून नवे घालतो, तसाच आत्मा जीर्ण शरीर सोडून नवं शरीर घेतो, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. समोर आजोबा उभे आहेत, गुरू उभे आहेत आणि अर्जुनाच्या हातातून धनुष्य गळून पडलंय. त्याला धीर यावा म्हणून हा दृष्टांत. बोलणं मरणाचं आहे, आपल्या कपाटाचं नाही, हे मला मान्य आहे.

पण दृष्टांत घरातला आहे, म्हणून माझ्या मनात एक घरगुती प्रश्न आला. आत्मा पुढे गेला, त्याचं बरं झालं. त्या टाकलेल्या वस्त्राचं पुढे काय झालं?

आपल्याकडे याचं उत्तर आज्यांना विचारावं. सुती लुगडं विरलं की ते लगेच टाकत नसत. त्यातला चांगला भाग बाळाच्या दुपट्याला, झबल्याला जायचा. नवं कापड बाळाच्या अंगाला टोचतं, म्हणून या जगात आलेल्या नव्या जीवाला आपण मुद्दाम जुनं, मऊ कापड घालतो. उरलेलं गोधडीत जायचं. अगदीच चिंध्या झाल्या की पायपुसणं, नाहीतर ओटा पुसायचं फडकं. एका लुगड्याचे इतके जन्म! आत्म्याला वस्त्रं बदलायची सवय आहे हे ठीक, पण आमच्या आज्यांनी वस्त्रालाही पुनर्जन्म दिला.

आता आमच्या घरातल्या गोधडीची गोष्ट सांगते. ही सांगायला मला थोडी लाज वाटते, पण सांगते.

आजीने माझ्या जन्माच्या वर्षी ती शिवली. वर तिचं हिरवं नऊवारी, पोटात बाबांचे शर्ट, आईच्या दोन साड्या आणि कोणाकोणाचे काय काय. आजी सहा वर्षांपूर्वी गेली. दोन वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी घरी राहायला येणार होत्या. तेव्हा मी आईला म्हटलं होतं, "हे बोचकं फेकून दे गं, कोणी पाहिलं तर काय म्हणतील?" आई काही बोलली नाही. गोधडी माळ्यावर गेली आणि मी ऑनलाइन नवी रजई मागवली.

त्या दिवसांत मी रोज काही ना काही मागवत होते. संध्याकाळी पार्सल यायचं, त्याची चिकटपट्टी फाडेपर्यंत मस्त वाटायचं. मग खोका कोपऱ्यात आणि मी परत मोबाइलवर. हे तुमच्यापैकी कित्येकांना माहीत असेल, म्हणून जास्त सांगत नाही.

या जानेवारीत माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा कॉल, तेवढ्यात साडेतीन वर्षं संपली. घरी सांगायचं धाडस झालं नाही. रोज सकाळी लॅपटॉपची बॅग आणि आईने दिलेला डबा घेऊन बाहेर पडायचे. दुपारपर्यंत वाचनालयात बसायचे, मग ओंकारेश्वराच्या देवळात. डबा तिथेच खायचे आणि नळावर धुऊन घ्यायचे, कारण वेळ घालवायला दुसरं काही नव्हतं. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला घरी. असे अकरा दिवस.

बाराव्या दिवशी रविवार होता. थंडी होती म्हणून आईने माळ्यावरून गोधडी काढली. कड उसवली होती, एका बाजूने पोटातल्या चिंध्या बाहेर आल्या होत्या. आई गॅलरीत उन्हात बसली, जाड सुईत दोरा ओवला आणि मला म्हणाली, "ये, तो काठ धर जरा. आणि एखादं मऊ सुती कापड असेल तर बघ. आत भर घालायला हवी."

मी कपाट उघडलं. समोर ऑफिसने दिलेले पाच टी-शर्ट होते. छातीवर कंपनीचं बोधचिन्ह. त्यातला एक आणून दिला.

आईने तो हातात घेतला, चोळून पाहिला. "सुती आहे ना? मग चालेल. आत घालू, मऊ पडेल." आणि तिने कात्री लावली.

मला आधी हसू आलं आणि मग रडू आवरेना. धावदोरा घालत असताना दोघींच्या माना खाली असतात, कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नाही. तेवढ्या आडोशाने मी सांगून टाकलं. "आई, माझी नोकरी गेलीय. अकरा दिवस झाले."

आईचा टाका थांबला नाही. "माहितीये मला."

"कधीपासून?"

"पाचव्या दिवसापासून. तू डबा धुऊन आणायला लागलीस. साडेतीन वर्षांत तुझा डबा कधी धुऊन आला होता का गं?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुझी गाठ तूच सोडशील."

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "चहा टाकू का तिघांचा?" म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

मंडळी, आता भागवताकडे वळूया. सुदाम्याची गोष्ट आपण कितीदा ऐकलीय! पण मूळ ग्रंथात एक गंमत आहे. तिथे सुदामा हे नावच येत नाही. कृष्णाचा एक ब्राह्मण मित्र, एवढंच येतं. त्याचे कपडे जुने, विटके होते हे मात्र येतं. दक्षिणेत त्याला कुचेल म्हणतात, म्हणजे जीर्ण वस्त्र नेसलेला. माणसाचं नाव मागे राहिलं आणि त्याचा फाटका कपडा पुढे आला.

घरात देवाला न्यायला काही नव्हतं. बायकोने शेजारच्या घरांतून चार मुठी पोहे मागून आणले आणि एका जुन्या कापडाच्या तुकड्यात बांधून दिले. द्वारकेत पोचल्यावर सुदाम्याला ती पुरचुंडी काढायची लाज वाटली. समोर सोन्याचा पलंग, आणि आपल्या हातात हे फडकं! त्याने मान खाली घातली. तो गाठ सोडेना, तेव्हा कृष्णाने स्वतःच "हे काय आणलंस?" म्हणत ती ओढून घेतली आणि एक मूठ तोंडात टाकली. दुसरी मूठ उचलली तेव्हा रुक्मिणीने हात धरला.

मी हे वाचताना आजवर पोह्यांकडेच बघत होते. या वेळी त्या फडक्याकडे पाहिलं. सुदाम्याला लाज कशाची होती? पोहे थोडे होते त्याची, की कापड जुनं होतं त्याची? मला माझ्या गोधडीची लाज होती, मग नोकरी गेल्याची. दोन्ही वेळा मी गाठ घट्ट बांधून बसले. कृष्णाने गाठ ओढून सोडवली, माझ्या आईने वाट पाहिली. दोघांनाही आत काय आहे ते आधीच ठाऊक होतं, आणि दोघांनाही ते कमी वाटलं नाही.

या कथेतली आणखी एक जागा आपण घाईत ओलांडतो. सुदामा द्वारकेहून रिकाम्या हाताने निघाला. कृष्णाने उघडपणे काहीच दिलं नव्हतं, त्यानेही काही मागितलं नव्हतं. तरी परतीच्या वाटेवर तो आनंदात होता. देवाने मला मिठी मारली, आपल्या पलंगावर बसवलं, पाय धुतले, हेच तो आठवत चालला होता. धन मिळालं असतं तर मी माजलो असतो आणि देवाला विसरलो असतो, म्हणून त्याने दिलं नसावं, असंही त्याच्या मनात आलं. घराच्या जागी महाल उभा आहे हे त्याला नंतर कळलं. आनंद आधी, महाल मागून. आपण मात्र महाल झाल्यावर आनंदी व्हायचं ठरवून बसलोय.

माझा महाल अजून आलेला नाही. दोन मुलाखती झाल्या, कुठून उत्तर नाही. रात्री तीनला जाग येते ती अजूनही येते. पण वाटेवरचं थोडं दिसायला लागलंय. चार वाजता आई सकाळच्या उरलेल्या पोळ्यांचा फोडणी घालून कुस्करा करते, वर कच्चा कांदा आणि लिंबू. तेलाच्या जुन्या डब्यात लावलेली आमची तुळस, तिच्यावर सकाळी अर्धा तास ऊन येतं. बाबा त्या उन्हात स्टूल टाकून पेपर वाचतात आणि ऊन सरकलं की स्टूलही सरकवतात. साडेतीन वर्षं मी या घरात राहत होते, पण हे सरकणारं स्टूल मी कधी पाहिलं नव्हतं.

आता एक शंका. जुनं सांभाळत बसणं हा मोह नाही का? आहे, पुष्कळदा आहे. आमच्याच माळ्यावर किती तरी वस्तू "राहू दे, कधीतरी लागेल" म्हणून पडून होत्या. मला यातून एक साधी खूण सापडली. गोधडी माळ्यावर होती तेव्हा ती मोहच होती, फक्त आठवण म्हणून धरून ठेवलेली. ती सांधून कोणाच्या तरी अंगावर आली तेव्हा सेवेला लागली. मराठीत 'जोडणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक मिळवणं, कमावणं. दुसरा तुटलेलं एकत्र आणणं. मी पहिल्या अर्थाने खूप जोडलं. त्या रविवारी दुसऱ्या अर्थाने पहिल्यांदा जोडलं.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची. "साध्या गोष्टींत सुख माना" हे दुसऱ्याला सांगायला फार सोपं असतं. ज्याच्याकडे पांघरूणच नाही त्याला गोधडीचं तत्त्वज्ञान सांगणं हे पाप आहे. इथे मला गाडगेबाबा आठवतात. अंगावर ठिगळांचे कपडे, हातात फुटकं गाडगं, म्हणून तर लोकांनी त्यांना हे नाव दिलं. पण त्यांनी गरिबांना चिंध्यांत समाधान मानायला सांगितलं नाही. ते लोकांना सांगत राहिले की उपाशी माणसाला जेवू घाला, ज्याला कपडे नाहीत त्याला कपडे द्या, गरिबाच्या मुलांना शिकवा. स्वतः चिंध्यांत राहिले आणि लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या. फाटकं आपण सांधून वापरावं आणि देताना चांगलं द्यावं, हा त्यांच्या आयुष्याचा हिशेब. आपण नेमकं उलटं करतो. म्हणून ती ऑनलाइन मागवलेली रजई, अजून नवी कोरी होती, ती मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांच्या मुलीला दिली. ती यंदा दहावीला आहे, पहाटे उठून अभ्यास करते.

शेवटी जनाबाईची कथा. कीर्तनात तुम्ही ऐकली असेल. देव एका रात्री जनीच्या झोपडीत येऊन झोपला. पहाटे काकड्याची वेळ झाली तशी गडबड उडाली, आणि आपला शेला, गळ्यातलं पदक तिथेच विसरून देव जनीची वाकळ पांघरून राउळात गेला. पुजाऱ्यांनी दार उघडलं तर विठ्ठलाच्या अंगावर ठिगळांची वाकळ! जनीवर चोरीचा आळ आला, सुळी द्यायला नेलं आणि सुळाचं पाणी झालं. कीर्तनकार सुळाच्या चमत्काराशी थांबतात. मला त्याच्या आधीची पहाट आवडते. देवाने अंधारात हाताला आलेलं पांघरूण उचललं आणि राउळापर्यंत जाताना त्याला ते काही वेगळं वाटलंच नाही. शेला आणि वाकळ यांतला फरक लोकांना उजाडल्यावर दिसला.

आमची गोधडी आता माझ्या अंगावर असते. एका जागी आतून जरा जाड लागते. तो टी-शर्ट आहे. हाताला लागला की राग येत नाही आताशा.

आजचा नेम: घरातली एक फाटकी, तुटकी, बाजूला पडलेली वस्तू आज सांधा आणि वापरात आणा. बटण लावा, कड शिवा, डब्यात रोप लावा. शक्य झालं तर आईबाबांपैकी कोणाला तरी सोबत घेऊन बसा. आणि अशी एखादी गाठ मनात असेल, तर टाका घालता घालता सोडा.

प्रार्थना: पांडुरंगा, नवं मागण्याआधी हातातलं बघायला शिकव. जे तुटलंय ते जोडायला बोटांत धीर दे. आणि माझ्या पुरचुंडीची मला लाज वाटेल, तेव्हा तू ती ओढून घे.

राम कृष्ण हरी. उद्या भेटू.