देऊन झालेल्या उत्तरांसाठी प्रार्थना

ज्येष्ठ अर्धा सरून ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या खाडीकाठावर मृगाच्या सरी उतरू लागल्या, की ज्या घरात बारावीचा विद्यार्थी आहे त्या घराचे सारे व्यवहार एका तारखेभोवती फिरू लागतात. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी या शाखांच्या प्रवेशासाठी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाने घेतलेल्या परीक्षेचा निकाल लागायचा असतो; २०२५ साली तो १६ जूनला लागला, आणि महामारीच्या २०२० साली परीक्षाच ऑक्टोबरात झाल्याने निकालाला नोव्हेंबरची अखेर उजाडली. या दिवसांत डोंबिवलीच्या फडके रस्त्यावरील गणेश मंदिरात, ठाण्याच्या कौपिनेश्वरासमोर, मंगळवारी सकाळी टिटवाळ्याकडे जाणाऱ्या गाडीत सतरा-अठरा वर्षांची मुले हात जोडलेली दिसतात, आणि त्यांच्या मुखावरची आर्तता पाहून मला वाटते की ही मुले देवाजवळ नेमके काय मागतात आणि त्यांनी काय मागावे, याचा विचार आपण वडीलधाऱ्यांनी एकदा गंभीरपणे करावयास हवा.

हा प्रश्न माझ्यापुढे उभा केला तो आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातील एका मुलीने. आजीच्या आग्रहाखातर ती गणेश मंदिरात आली होती. परीक्षा कक्षाने उपलब्ध करून दिलेल्या तिच्या उत्तरांची छापील प्रत तिच्या हातात होती. घड्या पडून पडून कागद दुमडीवर विरला होता, प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलीची बारीक खूण होती आणि तळाशी १४१ हा आकडा खोडून १४३ केलेला होता. चपला काढता काढता ती म्हणाली, "काका, उत्तरं तर कधीच देऊन झालीत. आता नमस्कार केला म्हणून ती बदलणार आहेत थोडीच? आजीला नाही म्हणवत नाही, म्हणून आले."

तिच्या या शंकेला फार प्राचीन आधार आहे. ठाण्यात बेने इस्राएल या ज्यू समाजाने १८७९ साली बांधलेले शाआर हाशामायिम हे सिनेगॉग आजही उभे आहे. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या या आपल्या शेजाऱ्यांच्या धर्मशास्त्रात, मिश्नाच्या बेराखोत या भागात, घडून गेलेल्या गोष्टीविषयीची प्रार्थना व्यर्थ ठरविलेली आहे. गावाकडे परतणाऱ्या माणसाच्या कानी वेशीबाहेरच आक्रोश येतो आणि हा माझ्या घरातला नसावा असे तो देवाला विनवितो, तर त्याची विनवणी निष्फळ होय, कारण आक्रोश ज्या घरातून उठायचा तेथून तो उठून चुकला आहे. निर्णय कठोर खरा. पण झालेले न झाले करण्याचा अर्ज ईश्वराच्या दरबारी गुदरू नये, यात त्याच्या सृष्टिनियमांविषयीचा आदर आहे, आणि म्हणून मला तो मान्य आहे. त्या वाटसरूच्या तोंडून ते शब्द निघाल्यावाचून राहणार नाहीत, हेही मी जाणतो, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

आपल्या मुलांच्या प्रार्थनेत मात्र याहून अधिक गंभीर अशी एक अडचण आहे. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, चुकीच्या उत्तराला दंड नाही, अशी ही २०० गुणांची परीक्षा. उत्तरतालिका निकालाआधीच प्रसिद्ध होते, हरकती नोंदविण्याची मुदत मिळते, आणि आपल्या पदरी किती गुण पडले हे मुलाला बहुधा निकालाच्या पुष्कळ आधी कळून चुकलेले असते. तरी ते रात्र रात्र जागते, कारण निकाल लागतो तो गुणांचा नव्हे, पर्सेंटाइलचा: त्याच सत्रात परीक्षेला बसलेल्यांपैकी शेकडा किती जणांचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, त्याचा दशांशचिन्हापुढे सात स्थळांपर्यंत मांडलेला हिशेब. जुन्या मॅट्रिकच्या परीक्षेत, आणि १९४९ पासून एस.एस.सी.च्या परीक्षेतही, पहिला वर्ग मिळावा अशी प्रार्थना करणारा मुलगा कोणाचे काही हिरावून घेत नसे. वर्गातल्या सगळ्यांना पहिला वर्ग मिळाला असता तरी परीक्षकाची ना नव्हती. आज ९९ पर्सेंटाइल मागणाऱ्या मुलाची प्रार्थना शब्दशः फळाला यायची, तर शेजारच्या संगणकावर बसलेली, कदाचित त्याच्याच शिकवणीतली, त्याच्याच सोबत कल्याणहून गाडीत लटकत आलेली मुले मागे पडलीच पाहिजेत. त्याच्या मनात असूया नसते. असूया त्या आकड्याच्या घडणीत आहे, आणि निष्पाप मूल ती नकळत देवासमोर नेऊन ठेवते. हे मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

अशा वेळी आपण गीतेकडे धाव घेतो आणि कर्म तुझ्या हाती, फळ नव्हे, असे मुलाला सांगतो. वचन सत्य आहे, पण ते सांगण्याची वेळ आणि सांगणाऱ्याचा अधिकार या दोहोंविषयी मला शंका आहे. श्रीकृष्णाने हा उपदेश केला तो दोन सैन्यांच्या मध्ये, पहिला बाण सुटण्यापूर्वी. आपण मात्र दोन वर्षे घरात माटुंग्याचे व्हीजेटीआय की पुण्याचे सीओईपी याखेरीज दुसरा विषय काढीत नाही, शिकवणीचे हप्ते भरताना दर वेळी फळाचे स्मरण देतो, आणि युद्ध संपून शस्त्रे खाली ठेवल्यावर निष्काम होण्याची आज्ञा मुलाला करतो. फळाची आशा आपण धरलेली असताना तिचा त्याग मुलाने करावा, हा न्याय नव्हे. मंडालेच्या तुरुंगात लिहून झालेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी त्या श्लोकाच्या चार चरणांना कर्मयोगाची चतुःसूत्री मानले आहे, आपण त्यांतील पहिली दोन सूत्रे तेवढी सांगतो, आणि कर्म न करण्याचा आग्रह धरू नकोस हे चौथे सूत्र, जे प्रतीक्षेच्या या दिवसांना सर्वांत अधिक लागू पडते, ते सोडून देतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. कर्ता हा पाचांपैकी एक आहे, हे मुलाला कोणीतरी परीक्षेपूर्वीच प्रेमाने समजावून द्यावयास हवे होते, म्हणजे निकालाचा सगळा भार आपल्या एकट्याच्या खांद्यावर आहे असे त्याला वाटले नसते. पण दैवाचे नाव घेतानाही विवेक हवा. २७ एप्रिल २०२५ रोजी सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्यायच चुकीचे निघाले, आणि त्या सत्रातील सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षेची संधी द्यावी लागली. याला दैव म्हणणे म्हणजे मनुष्याच्या निष्काळजीपणाचे उत्तरदायित्व ईश्वरावर लोटणे होय. ज्या चुकीचा जाब विचारता येतो तिचा जाब विचारणे हेही धर्मकार्यच आहे, आणि त्या मुलांच्या पालकांनी आवाज उठविला हे योग्य केले.

मग मागावे काय? या बाबतीत मला ज्ञानेश्वरांइतका कोमल मार्गदर्शक दुसरा दिसत नाही. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात ते श्रीकृष्णाच्या मुखाने अर्जुनाला सांगतात की हाती घेतलेले कर्म तडीस गेले तर विशेष हर्ष नको, काही निमित्ताने अपुरे राहिले तर क्षोभही नको. आणि पुढे जाऊन म्हणतात की जे अपुरे राहिले तेही सफलच झाले असे मान. शेवटचे हे सांगणे मला अपूर्व वाटते. १४३ गुणांपाशी थांबलेला दोन वर्षांचा अभ्यास त्या मुलीच्या ठायी बुद्धी म्हणून, शिस्त म्हणून, एखादे अवघड गणित सुटल्यावर झालेला आनंद म्हणून शिल्लक आहेच, आणि तो कोणत्याही यादीत तिच्या पुढे किती जण आहेत यावर अवलंबून नाही. ग्रंथाच्या शेवटी, पसायदानात, ज्याला जे हवे ते त्याला मिळावे असे मागणे आहे. आणि एका जागेसाठी हजारांनी हात पसरले असता ते कसे शक्य होईल, असा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडत असे. त्या मागण्यांचा क्रम पाहिला म्हणजे उलगडा होतो. आधी दुष्टांच्या मनातला वाकडेपणा जावा, जीवाजीवांत मैत्री व्हावी, स्वधर्माचा सूर्य विश्वाने पाहावा, आणि त्यानंतर ज्याची त्याची इच्छा पुरी व्हावी. मैत्री झाल्यानंतर उरलेली इच्छा दुसऱ्याच्या पराभवावर उभी राहत नाही. म्हणून मी त्या मुलीला म्हणालो, "आकडा मागू नकोस. तुझ्यासोबत परीक्षेला बसलेल्या सगळ्यांसाठी एकदा नमस्कार कर, आणि उद्या सकाळी उठून कामाला लागण्याचं बळ स्वतःसाठी माग. ते अजून ठरलेलं नाही, त्यामुळे ते मागणं व्यर्थ जाणार नाही." ती काही बोलली नाही, पण आत गेली ती आजीचा हात धरून.

आणि काम तर या दिवसांत पुष्कळ असते. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, कोणाला नॉन-क्रिमी लेयरचे प्रमाणपत्र, यांसाठी कल्याणच्या तहसील कचेरीत आणि सेतू केंद्रांत निकालानंतर जी झुंबड उडते, ती त्याआधी नसते. प्रवेशफेरीचा अर्ज भरताना महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. त्यासाठी कोणत्या शाखेत काय शिकवितात हे मुलाने स्वतः चौकशी करून पाहावे, जमल्यास त्या शाखेत शिकणाऱ्या एखाद्या मोठ्या मुलाशी बोलावे, आणि वडिलांनी रविवारी दुपारी त्याच्याजवळ बसून, पर्सेंटाइलचा विषय न काढता, तुला कशात रस आहे एवढे विचारून तो कच्चा क्रम त्याच्याच हस्ताक्षरात एका कागदावर उतरवून घ्यावा.