शेवटच्या खेपेपर्यंतचं दान

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचं सचित्र वर्णन छापलं. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती लागला होता. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचा साचा कपाळावर मांडून तेवढी कातडी सोडवली, भुवयांच्या मधोमध ती जोडलेली ठेवून खाली वळवली आणि नवं नाक बसवलं. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूने लंडनमध्ये हीच पद्धत वापरली, आणि तिथून ती जगभर गेली. कारागिराचं नाव मात्र कुणी टिपलं नाही.

हा वारसा आपण अभिमानाने सांगतो. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्याला गरज होती, त्याच्या जवळपासच ते हात होते. आज शिरूर किंवा दौंड तालुक्यात दुभंगलेल्या ओठाचं बाळ जन्मलं, तर त्याला बरं करणारे हात बहुधा पुण्यात असतात, ६५-८० किलोमीटरवर. शस्त्रक्रिया मोफत होऊ शकते. हे अंतर मोफत नाही.

आईच्या वाट्याला पहिला येतो तो प्रश्न : "ग्रहणात काय चिरलंस?" ओठाची घडण गर्भाच्या सातव्या आठवड्यापर्यंत आणि टाळूची त्यानंतरच्या काही आठवड्यांत होते. ओठ घडतो तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचीही खात्री झालेली नसते. आनुवंशिकता, धूम्रपान, काही औषधं, पोषणातली उणीव अशी कारणं यात गुंतलेली असतात. ग्रहणाचा आणि विळीचा संबंध नाही. हे त्या आईला बाळंतपणाच्या खाटेवरच कुणीतरी ठामपणे सांगायला हवं, सासूच्या देखत.

पुढचा प्रश्न दुधाचा. टाळू उघडी असली की बाळाला ओढून पिता येत नाही, दूध नाकातून येतं. बसतं धरून, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थोडं थोडं पाजावं लागतं. हे कुणी शिकवलं नाही तर वजन वाढत नाही, आणि वजन नाही म्हणून भूल देता येत नाही. दहा आठवडे वय, साधारण साडेचार किलो वजन आणि दहा हिमोग्लोबिन हा ओठाच्या शस्त्रक्रियेचा जुना ठोकताळा आहे. म्हणजे सर्जनच्या हातात सुरी येण्याआधीच निम्मं काम अंगणवाडी ताई आणि आशा ताईंच्या हातात असतं.

महाराष्ट्रात या सेवेचं मोठं नाव म्हणजे डॉ. शरदकुमार दीक्षित. मूळ पंढरपूरचे, न्यूयॉर्कला स्थायिक झालेले. १९६८ पासून ते दरवर्षी भारतात येऊन मोफत प्लास्टिक सर्जरीची शिबिरं घेत. पुढे अपघाताने आलेला अंशतः पक्षाघात, स्वरयंत्राचा कर्करोग, हृदयविकाराचे झटके, एवढं सोसूनही २०११ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी हे व्रत सोडलं नाही. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भारतीय जैन संघटनेने शांतीलाल मुथा यांच्या पुढाकाराने त्यांची शिबिरं महाराष्ट्रात गावोगावी भरवली. ज्यांच्यापर्यंत कुणीच पोहोचत नव्हतं, त्यांचे चेहरे त्या शिबिरांनी सावरले. ते ऋण मोठं आहे.

त्या ऋणाला जागायचं तर काम पुढे न्यायला हवं. शिबिरात ओठ शिवता येतो, पण मुलाचा चेहरा पुढची अठरा वर्षं वाढत राहतो. टाळू दीड वर्षाच्या आत जोडावी लागते. ती उशिरा जोडली तर 'प', 'ब', 'क', 'ट' यांसाठी लागणारी हवा तोंडात कोंडत नाही, नाकातून निसटते आणि मूल 'बाबा' म्हणायला जातं ते 'मामा'सारखं ऐकू येतं. कानात पाणी साठून ऐकू कमी येतं आणि शाळेत मूल मंद ठरतं. त्यानंतर वाचा-उपचार, सात ते अकराच्या दरम्यान हिरडीत हाडाचं कलम, दातांच्या तारा, कुणाला वयात आल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया. भाजलेल्या मुलांचंही तेच. गुऱ्हाळाच्या काहिलीने किंवा चुलीने भाजलेल्या चेहऱ्यावरचा व्रण मुलाबरोबर वाढत नाही. तो पापणी आणि ओठ ओढून धरतो, म्हणून पुन्हा पुन्हा सोडवावा लागतो.

पहिल्या शस्त्रक्रियेला अख्खं घर येतं, फोटो निघतो. पाचव्या-सहाव्या खेपेला आई एकटी असते, रोज बुडवून आलेली. नंतर तीही येत नाही. दिवाळीच्या सुमारास या भागात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायकोच्या एका कोयत्यावर उचल घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. दुभंगलेले ओठ आणि टाळू त्यांच्या यादीत आहेत. पण पथक गावी येतं तेव्हा मूल फडावर असतं, आणि फडावरचं मूल इथल्या अंगणवाडीच्या पटावर नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : दानाचा पैसा आता शेवटच्या खेपेसाठी बाजूला काढावा. २००९ मध्ये ऑस्कर मिळालेल्या 'स्माइल पिंकी' या माहितीपटातही सर्जनइतकंच काम खेड्याखेड्यांत जाऊन मुलं शोधणाऱ्या समाजसेवकाचं आहे. आणि दूर कशाला जा, दौंड तालुक्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना जेवू घालून परत पाठवलं नाही. त्यांना ठेवून घेतलं, शिकवलं, हाताला काम दिलं. दान म्हणजे वर्षानुवर्षांची सोबत, हे याच मातीत घडून गेलंय.

यंदा शिरूरच्या किंवा दौंडच्या ज्या मंडळाला, ट्रस्टला, कारखान्याला चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांचं शिबिर घ्यायचं असेल, त्यांनी प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : पुढची तारीख, सोबत जाणाऱ्या माणसाचं नाव, आणि आईच्या बुडणाऱ्या रोजाची तरतूद. तालुक्याला एक वाचा-उपचारतज्ज्ञ आठवड्यातून एकदा तरी बसवावा. किती शस्त्रक्रिया केल्या हा आकडा वार्षिक अहवालात जरूर छापावा, पण त्याच्या शेजारी आणखी एक आकडा हवा : पाच वर्षांपूर्वीच्या मुलांपैकी आज किती जण उपचारात टिकून आहेत, शाळेत जातात, चारचौघांत स्वच्छ बोलतात. तो दुसरा आकडा छापण्याची तयारी असलेल्या संस्थेला मी डोळे झाकून देणगी देईन, आणि वाचकांनीही द्यावी.