आपण होऊन निघालेले

कार्तिकी एकादशी झाली, की आमच्या अन्नपूर्णा भागातून कोणी ना कोणी परिक्रमेला निघते. ओंकारेश्वर इंदूरहून जेमतेम ऐंशी किलोमीटर. तिथे संकल्प सोडायचा, नर्मदा उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचे नाही, मिळेल त्या सदावर्तावर राहायचे. (हल्ली बसने पंधरा-वीस दिवसांत परिक्रमा उरकतात. त्याविषयी न बोललेले बरे!)

या वाटेतला कठीण टापू शूलपाणीच्या झाडीचा. दक्षिण तटाने बडवानी सोडली, की सातपुडा थेट नदीला भिडतो. तिथे पूर्वी भिल्ल परिक्रमावासीयांना लुटत, अगदी लंगोटीपर्यंत. जाणत्यांनी त्याचा अर्थ लावून ठेवला आहे : नर्मदामाई मायेचे पाश सोडवते. मला हा अर्थ फार आवडे. शाळेत प्रार्थनेनंतर मी तो मुलांना कितीदा तरी सांगितला आहे.

२०२२ च्या नाताळात आम्ही तिघे पाटीहून बोकराट्याकडे आणि पुढे धडगावपर्यंत डोंगरवाटेने चाललो. परिक्रमा नव्हे, तिचा एक तुकडा. चढ छातीवर येत होते, उतारावर मुरूम पायाखालून सरकत होता. एका पाड्यावर मुक्काम पडला. मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ मिळाली. पैसे पुढे केले, ते घरधन्याने घेतले नाहीत.

सकाळी मी त्याला काठावरची जुनी वाट विचारली. त्याने खालच्या पाण्याकडे बोट केले. पूर्वीचे घर कुठे होते, म्हणून विचारले, तर बोट तिथेच!

२०१९ साली सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत, म्हणजे काठोकाठ भरले. अक्राणी-अक्कलकुव्यातली किती तरी कुटुंबे त्याआधीच तळोद्याच्या सपाटीवर नेली होती; काही डोंगरातच वर सरकली. त्यांतलाच हा एक.

‘‘शेवटी माईची इच्छा,’’ सोबतचा मित्र म्हणाला. माणूस भाविक, मनात वाईट काही नाही. पण मला मान डोलावता येईना. परिक्रमावासी लुटला जातो तेव्हा त्याने ते निघतानाच पत्करलेले असते, आणि घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवलेली असते. म्हणून तर त्याच्या उघडेपणाला आपण वैराग्य म्हणतो. ज्याला कोणी विचारलेच नाही, त्याच्या उघडेपणाला तोच शब्द कसा लावायचा? त्याने स्वतः म्हटले असते, तर गोष्ट वेगळी. त्याच्या वतीने आपण कसे म्हणावे?

धरणाने काहीच भले केले नाही, असेही मी म्हणणार नाही. कच्छला पाणी पोचले. त्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा तर सत्तावन्न टक्के. आमच्या घरातल्या दिव्यातही त्यातली थोडी असेलच. म्हणजे झाडीतल्या लुटीचा हिशेब मांडायचा, तर आम्ही कोणत्या बाजूला उभे आहोत? भिल्लांनी आमचे कपडे आणि भांडी नेली. आणि तरीही त्याच डोंगरात आम्हांला रात्री भाकरी मिळाली.

परत आल्यापासून मुलांना ती गोष्ट सांगायला माझी जीभ रेटत नाही.

यंदा समोरच्या बिऱ्हाडातले काका निघाले आहेत. पाया पडायला गेलो, तर हसून म्हणाले, ‘‘आता झाडीत कोणी लुटत नाही हो, पूर्वीची मजा गेली.’’ मी त्यांना त्या पाड्याचा रस्ता कागदावर काढून दिला. म्हटले, तिथे मुक्काम झाला, तर जेवायला बसण्याआधी घरधन्याला त्याचे जुने घर विचारा.