पायातला व्हॉल्व्ह

मोटारीला पेडलं तीन आणि माणसाला पाय दोन. माझ्या मते नीतिशास्त्राची सुरुवात इथूनच होते. ॲक्सिलरेटर हे आपल्या इच्छेचं पेडल. ब्रेक हे समाजाचं. म्हणजे पोलीस, सिग्नल आणि आडवी येणारी म्हैस यांचं. उरलेला क्लच मात्र खासगी आहे. इंजिन फिरतंय, चाकं थांबली आहेत, आणि या दोघांची गाठ कधी, किती हळुवार घालायची हे एका डाव्या पायाने ठरवायचं. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाला जेवढं कसब लागतं, तेवढंच इथे लागतं. घाई केली तर दोन्हीकडची मंडळी धक्का खातात, वेळ लावला तर मधला माणूस झिजतो. मोटारीत त्या मधल्या माणसाला क्लच प्लेट म्हणतात.

पूर्वी हा सगळा मामला एका तारेवर चाले. १९८३ साली निघालेल्या मारुती ८०० ला अशी क्लच केबल होती. पाय दाबला की तार ओढली जाई. सरळ व्यवहार, मधे दलाल नाही. पुढे बहुतेक गाड्यांत तारेच्या जागी तेल आलं. पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरमधला दट्ट्या तेल ढकलतो, तेल नळीतून खालच्या सिलिंडरमध्ये जातं, तिथला दट्ट्या बेअरिंग रेटतो, प्रेशर प्लेटची पकड सुटते आणि आपण गिअर बदलतो. वरच्या सिलिंडरला 'मास्टर' आणि खालच्याला 'स्लेव्ह' म्हणतात. पाय वरच्याच्या डोक्यावर पडतो, वजन खालचा उचलतो. बँकेत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे तत्त्व निराळं शिकवावं लागत नाही.

बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो, हे ब्लेझ पास्कल या फ्रेंच गृहस्थाने सतराव्या शतकात सांगितलं. या माणसाबद्दल मला घरगुती आपुलकी आहे. त्याचे वडील रुआँ शहरात करवसुलीच्या कामावर होते. बेरजा करकरून ते वैतागलेले पाहून पोराने १६४२ साली, म्हणजे विशीही गाठली नव्हती तेव्हा, बेरजेचं यंत्र करायला घेतलं. कारकुनाचं दुःख पाहून यंत्राला हात घालणारे शास्त्रज्ञ इतिहासात फार नाहीत. पुढे हाच पास्कल देव आणि नीती यांवर लिहू लागला आणि एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. तेलाचा दाब आणि मनाचा दाब हे दोन्ही विषय एकाच डोक्यात सुखाने नांदत होते, तेव्हा मीही क्लचवरून नीतीकडे वळलो तर वाचकांनी बिचकू नये.

वळायला कारण झाला माझा भाचा. याने एक वापरलेली गाडी घेतली. वॉरंटी संपलेली, इंजिन दणकट. सहा महिने चालवल्यावर एका रविवारी तो म्हणाला, "मामा, या क्लचमध्ये काहीतरी खोटं आहे."

क्लच खोटा कसा असेल? चेक खोटा असतो, सही खोटी असते. त्याने समजावून सांगितलं ते असं. तेलाच्या नळीत एक बारीक भोकाचा व्हॉल्व्ह असतो. पाय दाबताना तो तेलाला आडकाठी करत नाही. पण पाय झटकन सोडला तर परत येणारं तेल त्या भोकातून रांगेने येतं, आणि क्लच पायाच्या मागून, आपल्या सवडीने धरतो. हा विलंब मुद्दाम केलेला. नवशिक्याने पाय एकदम काढला तर गिअरबॉक्सला, शाफ्टला, इंजिनाच्या रबरांना हिसका बसू नये म्हणून. बीएमडब्ल्यूच्या कितीतरी मॅन्युअल गाड्यांत असा व्हॉल्व्ह बसवलेला होता आणि शौकीन लोक तो हौसेने काढत आले आहेत. कारण ज्याचा पाय तयार आहे त्याला उलट त्रास. तो वेळेवर सोडतो, क्लच उशिरा धरतो, तेवढा वेळ प्लेट उगाच घासते आणि हातातला गिअर म्हणजे ओला पापड मोडल्यासारखा लागतो.

"म्हणजे मी चालवतो एक आणि गाडी करते दुसरंच," भाचा म्हणाला. "मला माझा पाय कळला पाहिजे."

मला माझा पाय कळला पाहिजे! उपनिषदांतल्या ऋषींनी 'आत्मा' म्हटलं होतं, याने 'पाय' म्हटलं, तळमळ तीच.

मग त्याने व्हॉल्व्ह काढला. रबरी नळी दाबाखाली थोडी फुगते आणि पायाचा निरोप वाटेत पातळ होतो, म्हणून स्टीलच्या जाळीची नळी घातली. शेवटी तेलातली हवा काढायची होती. द्रव दबत नाही पण हवा दबते, त्यामुळे आत बुडबुडा राहिला तर पेडल स्पंजासारखं लागतं. या कामाला दोन माणसं लागतात. एकजण गाडीखाली निपल सैल करणारा आणि दुसरा वर बसून पेडल दाबून धरणारा. बुद्धीचं काम खाली असल्याने मी वर होतो. "दाब मामा! धर! सोडू नकोस! सोड!" तासभर मी हुकूम पाळले. त्यानंतर गाडी खरंच बदलली. गिअर खटकेबाज पडू लागला, आणि क्लच कुठे धरतो ते पायाच्या अंगठ्याला कळू लागलं.

सोमवारी गाडी दाजींनी काढली.

दाजी म्हणजे भाच्याचे वडील. त्यांनी अठरा वर्षं मारुती ८०० चालवली आणि ती सगळी वर्षं ती गाडी चौकाचौकात उंटासारखी उठली. दाजी म्हणत, "गाडी जुनी झाली." नवी आली, ती मऊ चालू लागली, तेव्हा दाजी म्हणाले, "हात बसला आता माझा." माणसाच्या हिशेबाची ही रीतच आहे. धक्का गाडीच्या नावे, सफाई आपल्या खाती. त्या सोमवारी पहिल्याच सिग्नलला दाजींनी सवयीने पाय काढला आणि गाडी बेडकासारखी उडाली. मागे आक्का बसली होती. तिच्या कमरेचं दुखणं जुनं आहे. दवाखान्यात व्यायाम घ्यायला म्हणून निघालेली ती, तिथे पोचेपर्यंत चार दिवसांच्या अंथरुणाची धनी झाली.

संध्याकाळी दाजींनी विचारलं, "गाडीला काय केलंस रे?"

"काही नाही बाबा. गाडीचं होतं तेवढं काढलं. राहिलं ते तुमचं."

वाक्य फर्डं होतं. कोर्टात टाळ्या पडल्या असत्या. पण आतल्या खोलीत आक्का कूस बदलताना कण्हत होती आणि त्या आवाजापुढे ते वाक्य फार वेळ टिकलं नाही.

तेव्हापासून मी विचार करतो आहे. भाच्याचं म्हणणं खोटं नव्हतं. व्हॉल्व्हने दाजींना चांगला ड्रायव्हर केलंच नव्हतं, नुसतं तसं भासवलं होतं. व्हॉल्व्हमुळे आलेला सज्जनपणा आपला म्हणायचा का? सीसीटीव्हीखाली कुणी चोरी करत नाही म्हणून तो प्रामाणिक ठरतो का? पण दुसरी बाजूही आहे. आक्काच्या कमरेला या तत्त्वचर्चेचं काय? तिला धक्का बसला नाही, एवढंच तिच्या खात्यात जमा होतं. तो दाजींच्या पुण्याईने टळला की एका भोकाने, याची चौकशी कंबर करत नाही.

आमच्या धंद्यातही असा व्हॉल्व्ह आहे. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये नवीन खातं जोडलं की पहिले काही तास, कुठे पूर्ण चोवीस तास, ठरावीक रकमेपुढे पैसे जात नाहीत. एक निवृत्त मास्तर यावरून काउंटरवर माझ्यावर खवळले होते. फोनवर कुणी 'पोलीस' त्यांना अटकेची भीती घालून सगळी शिल्लक मागत होता आणि मास्तर ती द्यायला निघाले होते. त्या विलंबाने त्यांची म्हातारपणाची पुंजी वाचली. आणि त्याच विलंबापायी दुसऱ्या एका खातेदाराला रात्री अकरा वाजता मुलीच्या ऑपरेशनची अनामत भरता येईना. बिचारा चार घरी फोन करत बसला. व्हॉल्व्ह तोच. त्याला पाय दिसतो, माणूस दिसत नाही. तो सगळ्यांना सरासरीने मोजतो, आणि सरासरी माणूस आजवर कुठल्याच काउंटरला आलेला नाही.

म्हणून व्हॉल्व्ह चांगला की वाईट, हा प्रश्न मी सोडून दिला. माझा प्रश्न निराळा आहे: दाजींना कुणी सांगितलं होतं का? कारखानदाराने तो बसवला तेव्हा दाजींना विचारलं नाही; त्यांना आयुष्यभर कळलंच नसतं की आपल्या पायाची कुणी परस्पर दुरुस्ती करतंय. आणि मुलाने काढला तेव्हाही विचारलं नाही. एकाने हित म्हणून लपवलं, दुसऱ्याने सत्य म्हणून. पण दोघांनीही दाजींचा पाय दाजींना वगळूनच निकालात काढला. सत्याचा कैवार घेणाऱ्याला वाटतं की आपण फसवणाऱ्याच्या अगदी विरुद्ध टोकाला उभे आहोत. न सांगता केलं की दोघेही एकाच बाकावर येऊन बसतात. आणि बिल दोघांपैकी कुणाच्याच नावे फाटत नाही. ते मागच्या सीटवर जातं.

हे मी भाच्याला सांगितलं. तो गप्प झाला. मग आक्कापाशी जाऊन म्हणाला, "आई, उद्या परत बसवतो तो व्हॉल्व्ह."

आक्का म्हणाली, "बसव नाहीतर फेक, तुमचं तुम्ही ठरवा. मला फक्त आधी सांगत जा. मी पाठीला उशी घेईन."

अख्ख्या प्रकरणात पास्कलच्या तोडीचं बोललं असेल तर तेवढं एकच वाक्य. ज्याला धोका ठाऊक असतो तो आपला व्हॉल्व्ह आपणच बरोबर नेतो, आणि तो नळीत बसवावा लागत नाही.

व्हॉल्व्ह परत बसला नाही, कारण दाजीच हट्टाला पेटले. दर रविवारी सकाळी ते मैदानात क्लच सोडायला शिकतात. भाचा शेजारी बसून ओरडतो, "धरा बाबा! धरा! आता हळूच सोडा!" सुधारणा आहे. उंटाचा बैल झाला आहे. घोडा दिवाळीपर्यंत होईल असा अंदाज. तो पितळी व्हॉल्व्ह आक्काने हिंगाच्या रिकाम्या डबीत घालून ठेवला आहे. घरात बापलेकांचं बोलणं चढायला लागलं की ती उठते आणि काही न बोलता डबी टेबलावर आणून ठेवते.