शेताचा कोपरा



बियाण्याच्या जनुकांत फेरफार करून काढलेले धान्य आपण खावे काय, असा प्रश्न हल्ली आपल्या मंडळींत निघतो. वायिक्रा अध्याय 19 मध्ये परमेश्वराने एका शेतात दोन जातींचे बी मिसळून पेरण्यास मनाई केली आहे. यालाच किलाईम म्हणतात. असे मिसळणे म्हणजे परमेश्वराच्या सृष्टिकार्यात ढवळाढवळ, असे रामबान यांचे मत. तेव्हा मनात शंका येणे साहजिक आहे.

परंतु प्रथम घडते काय ते पाहू. 2016 साली इस्राएलच्या व्होल्कानी केंद्रातील शास्त्रज्ञांनी क्रिस्पर तंत्राने काकडीचे एक जनुक निकामी केले. काही विषाणू त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या आधारानेच वाढतात. तो आधार तुटला आणि काकडी त्या रोगांना दाद देईना. कामापुरता बाहेरून घातलेला अंशही पुढील पिढ्यांतून काढून टाकला. 2025 साली भारत सरकारने सांबा मसुरी भाताच्या जनुकात असाच बदल करून काढलेले ‘कमला’ वाण जाहीर केले. सरकारी चाचण्यांत त्याचे उत्पन्न 19 टक्के अधिक आले. दोन्ही ठिकाणी परक्या जातीचे बी मिसळलेले नाही. परमेश्वराने आदामाला बाग कसण्यास व राखण्यास ठेवले. रोग हटविणे हे राखण्याचेच काम, असे आम्ही मानतो.

मात्र त्याच अध्यायात, दहा वचने आधी, दुसरी आज्ञा आहे: शेताचा कोपरा कापू नये, तो गरिबासाठी व परक्यासाठी सोडावा. मिश्नाने त्याचे कमीत कमी माप साठावा भाग सांगितले आहे. 60 खंडी पिकल्यास एक खंडी, 120 पिकल्यास दोन. म्हणजे पीक वाढले की कोपराही वाढला पाहिजे!

या नव्या पिकाचा कोपरा कोणाचा? तंत्रावर पेटंटचे हक्क आहेत. बियाणे लहान शेतकऱ्यास परवडेल काय? वाढलेला दाणा भुकेल्याच्या ताटात पडेल काय? केवळ बी तपासून आपण थांबलो, तर अध्याय अर्धाच वाचला असे होईल.

आपणांपैकी बहुतेकांना शेत नाही, पण पगार आहे, पेन्शन आहे. तू बिश्वातला एलियाहू हन्नबीच्या नावे मलिदा करून आपण सर्वांना वाटतो. येत्या वर्षी पोहे भिजविताना साठावा भाग एखाद्या गरजू घरासाठी आधी बाजूला काढू या.

परमेश्वर आपल्या भूमीस बरकत देवो व आपला हात मोकळा ठेवो. आमेन.